शंभर दिवसांचा कडता

मलप्पा मापाड्यानं तीस वर्षं लातूरच्या आडतीत लोकांची तूर मापली आणि शेवटी स्वतःच रिकाम्या पोत्यासारखा एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकला. पोत्याला निदान मालक तरी असतो, हे त्याचंच बोलणं. दारूपायी काम गेलं, खोली गेली, बायको शिवगंगा जळकोटला भावाकडं निघून गेली, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी गेली. लिंग तेवढं फडक्यात बांधून गळ्यात ठेवलं. इतकं झाल्यावर देवाला तरी कुठं सोडायचं, म्हणून. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला तेव्हा साहेबांना बंगले मिळाले आणि मलप्पाला नव्या कचेरीचा सावलीचा ओटा. प्रगती सगळ्यांचीच झाली, म्हणायचा.

पुढं दुष्काळ पडला. टँकर दिवसाआड यायचा, हातभट्टी मात्र रोज. उमरीकडचे सटवाजी पास्टर एक दिवस त्याला हातगाड्यावर घालून आपल्या आश्रयघरात घेऊन गेले. पत्र्याची शेड, बारा खाटा, बारा बेघर पिणारे. पास्टर स्वतः कधीकाळी नांदेडच्या स्टेशनवर असेच पडून असायचे, त्यामुळं त्यांच्यापुढं थापा चालत नसत. हे मलप्पाला पहिल्याच दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. गळ्यातल्या फडक्याबद्दल मात्र पास्टर एका शब्दानं बोलले नाहीत. मापायचा हात बघून त्यांनी पाणीवाटप मलप्पाकडं दिलं.

घराचा नियम एकच. सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकानं उभं राहून आपले कोरडे दिवस सांगायचे. मधे घेतली तर पुन्हा एकपासून. ज्याचे दिवस जास्त त्याची बादली आधी, आणि खिडकीजवळची खाट त्याची. शिवगंगेचाही निरोप आला होता: शंभर दिवस कोरडे काढा, पास्टरसाहेबांना साक्षीला आणा, मग दार उघडते.

मलप्पा मापू लागला. एक्केचाळिसाव्या दिवशी जुन्या आडत्याच्या पोरीच्या लग्नात जेवायला गेला आणि जेवला नाही, प्यायला. त्र्याहत्तराव्या दिवशी तर काही कारणही नव्हतं, आणि त्यानं ते शोधलंही नाही. तेवढाच काय तो त्याचा प्रामाणिकपणा. दोन्ही वेळा वास जाईपर्यंत बाहेर हिंडला आणि सकाळी छाती काढून पुढचा आकडा बोलला. मनाला त्यानं बाजारचा हिशोब समजावला. शेतकऱ्याच्या मालात माती-काडी असायचीच. मापाडी त्यापायी क्विंटलमागं दोन किलो कापतो, त्याला कडता म्हणतात. शंभराला दोन! एवढ्यावरून बाजारात कुणी माल परत पाठवत नाही. बादली पहिली मिळत गेली, खिडकीतून वारा येत गेला, आणि दोन दिवसांची माती मलप्पालाही दिसेनाशी झाली.

शंभरावा दिवस भरला तसे मलप्पा आणि पास्टर एस.टी.नं जळकोटला गेले. शिवगंगा उंबऱ्याआत उभी राहिली, हे दोघं बाहेर. तिनं आधी दोघांना तांब्याभर पाणी दिलं. त्या साली तांब्याभर पाणी म्हणजे निम्मं दार उघडल्यासारखंच होतं. पास्टरांनी घसा साफ केला. हा माणूस रोज माझ्यासमोर उभा राहिला, त्याच्या शंभर दिवसांची मी देवासमक्ष साक्ष देतो, असं ते म्हणाले.

शिवगंगेनं पास्टरांना हात जोडले आणि नवऱ्याकडं बघितलं. ती मापाड्याचीच लेक, मापाड्याचीच बायको.

"शंभर म्हंता," ती म्हणाली, "ते कडता कापून, का कडत्यासकट?"

‘कापून’ म्हणायला मलप्पाला काहीच लागणार नव्हतं. जन्मभर काट्यापुढं उभं राहून तो तेवढंच करत आला होता. पण शेजारी पास्टर साक्ष देऊन उभे होते आणि त्यांच्या मानेला घाम आला होता. मलप्पानं हातातला तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"कडत्यासकट," तो म्हणाला. "दोन दिवस माती हाय."

पास्टर खाली बघत राहिले. शिवगंगेनं उंबऱ्यावरचा तांब्या उचलून आत घेतला.

"मग वरून दोन टाकून भागत न्हाई," ती म्हणाली. "पोतं उलटं करा, चाळा, आन् पुन्हा काट्यावर चढवा. मी हाय हितंच."

तिनं दार लोटलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही. मलप्पानं कान देऊन खात्री केली.

परतीच्या गाडीत पास्टर उदगीरला म्हणाले, "मलप्पाअण्णा, मला सहा वेळा एकपासून मोजावं लागलं. पण साक्षीला माणूस घेऊन जायची हिंमत माझी झाली नव्हती." मलप्पाला ही स्तुती की शिवी, ते ठरवता येईना. आपल्याला स्तुती ओळखायची सवय राहिली नाही, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. रांगेच्या शेवटी परवाच ओकत आलेला धोंडप्पा उभा होता. त्यानं ताठ मानेनं दोन म्हणून सांगितलं. त्याच्याही मागं उभं राहून मलप्पानं एक म्हटलं. खिडकीजवळची खाट दुसऱ्याकडं गेली आणि शेवटच्या माणसाची मोरीजवळची धोंडप्पानं आधीच धरली होती. पाणी मापायचं काम मात्र पास्टरांनी मलप्पाकडंच ठेवलं. त्यानं बाराही बादल्या भरल्या, आपली सगळ्यांत शेवटी, आणि टँकरचं तळ खरवडून बघितलं तर आपल्या बादलीत निम्मा गाळच होता.

धोंडप्पानं विचारलं, "अण्णा, ह्यो गाळ पाण्यात धरायचा का न्हाई?"

"न्हाई," मलप्पा म्हणाला, आणि अर्धी बादली भरली असं सांगितलं.