भुजंगआबांचा विसावा

सावरगव्हाणात मरणाची सोय दुहेरी झाली, त्या दिवसापासून भुजंगआबांनी चारचौघांत खोकणं बंद केलं.

खोकला काही गेला नव्हता. तो जुना होता, विडीच्या काळातला. पण ढास लागली की आबा उठायचे, मागच्या गोठ्यात जायचे, म्हशीच्या आडोशाला उपरणं तोंडात कोंबायचे आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर आतल्या आत खोकायचे. म्हैस आधी बिचकायची. पुढं तिलाही सवय झाली.

स्मशानात पत्र्याची शेड हवी, असं गावानं कधी म्हटलंच नव्हतं. गावानं मागितला होता नळ. पण निवडणूक तोंडावर आली आणि आमदारसाहेबांच्या निधीत थोडं शिल्लक राहिलं. नळाला पाणी लागतं, शेडीला लागत नाही. तेव्हा नाल्याच्या अलीकडं चार खांब, वर पत्रा, मधे ओटा आणि कपाळावर आमदारसाहेबांचं नाव, अशी शेड उभी राहिली. खासदारसाहेब दुसऱ्या पक्षाचे. त्यांचा गावातला माणूस मच्छिंद्र तडक जालन्याला गेला आणि त्यांच्या बंगल्यावर ठाण मांडून बसला, की आपल्या लोकांनी मेल्यावर विरोधकाच्या पत्र्याखाली जळायचं का? हा मुद्दा खासदारसाहेबांच्या काळजाला लागला. नाल्याच्या पलीकडं दुसरी शेड झाली. पत्रा तसाच, खांब तसेच, काम घेणारा गुत्तेदारही तोच. नाव तेवढं निराळं.

घोडं अडलं ते पुढं. शेडीत जळायला कुणी येईना. ज्याचं शेत त्याचं सरण शेतात, ही तिकडची रीत. बाप ज्या बांधाशी जळाला तिथंच लेकानं जळायचं. ज्यांना शेत नव्हतं त्यांची आपापली जुनी जागा होती, तीही कुणी सोडेना. दोन्ही शेडींत शेळ्या बसू लागल्या. अशात जालन्याहून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी शेळ्या बघितल्या आणि बजावून गेले, की मार्चअखेर दोन्ही शेडी वापरात दिसल्या नाहीत तर गावाला पुढचं एकही काम नाही, ना आमदारांचं, ना खासदारांचं. त्यात अडकला बद्रीनाथचा सभामंडप आणि मच्छिंद्रची व्यायामशाळा. बद्रीनाथ म्हणजे सरपंच, आमदारांचा माणूस.

दोघांनी आपापल्या ओसरीवर बसून सगळं गाव नजरेखालून घातलं. म्हातारा हवा, बिनशेताचा हवा आणि मयतीला गाव लोटेल असा मानाचा हवा. असा माणूस एकच निघाला.

भुजंगआबांची जमीन पाझर तलावात गेली होती. तोही अशाच एका निवडणुकीचा तलाव. त्यात पाणी कधी टिकलं नाही. आबांच्या ज्वारीच्या पट्टीत आता पोरं क्रिकेट खेळत. पण सरकारदरबारी तिथं बारमाही पाणी होतं, आणि पाण्यात सरण रचता येत नाही, असं ग्रामसेवकाचं म्हणणं पडलं.

पहिल्यांदा बद्रीनाथ आला तो मोसंब्यांची पिशवी घेऊन. झोप लागते का, जेवण जातं का, उठताना अंधारी येते का, असं त्यानं फार मायेनं विचारलं. जाताना दाराची रुंदी बघितली. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आला. त्याची पिशवी मोठी होती. त्यानं तर आबांचा हात हातात घेतला आणि गप्पा मारता मारता नाडीवर बोट ठेवलं.

"जन्मात कुणी लिंबू न्हाई आणलं," आबांच्या पत्नी तुळजाबाई पिशवी रिकामी करत म्हणाल्या, "अन् आता मोसंब्या येऊन राह्यल्या. समजून घ्या."

आबांनी समजून घेतलं होतं, म्हणूनच ते मोसंब्यांना हात लावत नव्हते. मरणाला आपण भीत नाही, असं ते पारावर नेहमी सांगत, आणि ते खरंही असेल. मरण कुठं मोटारसायकल लावून दारात बसत नाही. इथं मात्र आबा परसाकडं निघाले तरी कुणीतरी पाठीकडून त्यांची चाल बघायचं. एके सकाळी ते नाल्याकडं गेले तर अलीकडच्या शेडीशेजारी बाभळीची लाकडं रचलेली, वर ताडपत्री. चांगली वाळलेली, एका काडीत पेटावीत अशी. चार दिवसांनी पलीकडंही ढीग पडला, थोडा जास्तच. आबा घरी आले आणि भर दुपारी गोधडी घेऊन बसले. तुळजाबाईंनी ताप बघितला. ताप नव्हता.

त्यातल्या त्यात आधार एवढाच, की दोघांचं जमत नव्हतं. आबा अलीकडच्या शेडीत गेले तर पलीकडची ओस, पलीकडं गेले तर अलीकडची. त्यामुळं निकाल लागेस्तोवर आबांना काही होऊ द्यायचं नाही, यावर दोन्ही पक्ष ठाम होते. एकदा त्यांच्या छातीत कळ आली तर मच्छिंद्रनं दहा मिनिटांत जीप आणली, आणि रस्त्यात काही झालं तर मढं मच्छिंद्रच्या ताब्यात जायला नको म्हणून बद्रीनाथही आत चढला. अंबडपर्यंत दोघं दोन्ही बाजूंना बसले, एकेक हात धरून. डॉक्टरांनी गॅस सांगितला. दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला, आणि आबांना पोटच्या पोरांची आठवण झाली, जी पुण्याला होती आणि गॅससाठी आली नसती. दोन कुत्र्यांमधलं हाडूक कुणालाच मिळत नाही, या हिशेबानं आबा दिवस काढू लागले.

मग जालन्यात एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न निघालं. सभेत एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढणारे आमदारसाहेब आणि खासदारसाहेब तिथं एका सोफ्यावर बसून जिलेबी खाताना लोकांनी बघितले. सावरगव्हाणात ही बातमी सगळ्यांनी हसत ऐकली. आबा हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी फटफटीचा आवाज आला. आबांनी दारातून बघितलं. एकाच मोटारसायकलवर बद्रीनाथ पुढं होता आणि मच्छिंद्र मागं. दोघांचेही हात रिकामे. मोसंब्या नव्हत्या.

दोघं एकाच बाजेवर बसले.

"आबा, तुमचा प्रश्न मिटला," बद्रीनाथ म्हणाला.

कोणता, असं आबांनी विचारलं.

"कुठं न्यायचं, त्येचा. वर दोन्ही साहेबांचं एक झालं. आमच्या शेडीत विसावा, ह्यांच्या शेडीत बाकीचं."

तिरडी वाटेत एका जागी घटकाभर खाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायची आणि मग पुढं जायचं, हा विसावा गावोगाव असतो. कुठं दगडावर, कुठं झाडाखाली. त्याला आजवर कुणी पत्रा घातला नव्हता.

"दोन्ही शेडी वापरात, फोटो दोन्हीकडं," मच्छिंद्र म्हणाला. "कुणावर अन्याय न्हाई. तुम्ही आता बिलकुल काळजी करू नका."

आणि दोघंही आबांकडं बघत राहिले. वाईट नजरेनं नाही. एस.टी.च्या स्टँडवर माणसं गाडीच्या दिशेनं बघतात, तसे.

आबांनी मनात हिशेब मांडला. इतके दिवस त्यांना दोघांच्या भांडणानं जगवलं होतं. आता भांडण उरलं नव्हतं, मार्च मात्र जवळ आला होता. ढास वर येत होती. ती त्यांनी गिळली, आणि गिळता गिळता त्यांना आपली म्हैस आठवली.

"अन् मधात नाला हाये त्येचं काय?" आबा म्हणाले. "मागं माझी म्हैस फसल्ती तिथं. दोरखंड लावून काढली. खांदेकरी घसरले अन् मी पडलो गाळात, तर फोटो कशाचा येईल? साहेब लोक येतेन मयतीला. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांचं तरी बघा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"रस्ता लागंन," मच्छिंद्र म्हणाला.

"आमदार निधीतून करू," बद्रीनाथ म्हणाला.

शेड आमची तर रस्ता तुमचा कसा, असं मच्छिंद्रनं विचारलं, आणि तिथून बोलणं एकमेकांच्या आज्यापर्यंत गेलं. बद्रीनाथ मोटारसायकल घेऊन निघून गेला. मच्छिंद्र पायी गेला. दुसऱ्या दिवशी मोसंब्यांच्या दोन पिशव्या आल्या.

आबांनी त्या दिवशी ओसरीवर बसून मोकळेपणानं खोकून घेतलं. अंबडचा रस्ता लेकीच्या लग्नात खोदला होता आणि नातीच्या लग्नापर्यंत तसाच होता. सरकारी रस्ता म्हणजे आपल्यालाच पुरून उरेल, असा त्यांचा अनुभव. पण साहेबांची जिलेबी अजून पचायची होती. अर्धा रस्ता ह्या निधीतून, अर्धा त्या, असं वरूनच ठरून आलं. शेडीचाच पोचरस्ता म्हणून तो जुन्या कामात बसवला आणि त्याच आठवड्यात रोलर आला.

रोलरच्या धडधडीनं घरातली भांडी मांडणीवर वाजायला लागली. तालुक्यात कधी न झालेलं घडत होतं, काम वेळेत चाललं होतं. आबा घास घ्यायचे, रोलर वाजायचा, घास ताटात पडायचा. चार दिवस लेकीकडं बदनापूरला जा, असं तुळजाबाईंनी सुचवलं. ते कसं कोण जाणे बद्रीनाथच्या कानावर गेलं, आणि खुशाल जा, काही झालं तर टेम्पो सांगून ठेवलाय, असा त्याचा निरोप आला. आबा गेले नाहीत.

रोलर थांबला त्या संध्याकाळी आबा काठी टेकत नाल्याकडं गेले. रस्ता झाला होता. लाल मुरूम, दोन्ही कडेला चुन्याची रेघ, नाल्यात नळकांडी टाकून वर भराव. या शेडीतून त्या शेडीत वरात न्यावी असा. आबा रस्त्यावर चढले आणि त्यांनी काठीवर भार दिला.

काठी आत गेली.

आबांनी ती उपसली आणि दोन पावलं पुढं पुन्हा रोवली. पुन्हा गेली, थेट मुठीपर्यंत. बोटभर मुरूम आणि खाली तीच काळी माती, तोच गाळ. नळकांड्याला तर आत्ताच तडा होता. गुत्तेदार जुनाच, ज्यानं तलाव केला, शेडी केल्या. एका पावसाचा रस्ता. छे, एका म्हशीचा. ज्या गुत्तेदाराच्या नावानं आबांनी तलाव झाल्यापासून बोटं मोडली, त्याला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

मागं फटफट वाजली. पुन्हा एकाच मोटारसायकलवर दोघं.

"काय आबा, कसा झालाय?" बद्रीनाथनं विचारलं.

आत्ता कळलं तर मार्चआधीच डागडुजी होणार, म्हणून सबंध जन्म सरकारी कामाला नावं ठेवण्यात गेलेले भुजंगआबा एक पाऊल सरकले आणि काठीच्या भोकावर चप्पल ठेवून उभे राहिले.

"एक नंबर," ते म्हणाले. "लोखंड हाये, लोखंड."

दोघं खूश झाले, पण हलेनात. मच्छिंद्र रस्ता नजरेनं मोजत होता, बद्रीनाथ आबांना. आबांच्या चपलेखालचा मुरूम हळूच खचत होता आणि छातीत ढास चढत होती. घशाची शीर फुगली, डोळे पाण्यानं भरले, तरी ते तोंड मिटून हसत राहिले, मोटारसायकल पार टेकाडाआड जाईपर्यंत.