बाल्कनीतला भोपळा

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या भोपळ्याच्या पाचच बिया बायकोच्या हाती राहिल्या. चार कुंडीतच कुजल्या. पाचवीचा वेल आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गजांवर चढला. हा फळला नाही तर आईचं वाण संपलं, हे बायको दिवसातून दोनदा ऐकवायची.

मी शिंपी. सुटा दोरा दिसला की हात आपसूक कात्रीकडे जातो. वेलावर दोन तऱ्हेची फुलं यायची. काहींच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा, तर काही नुसतीच लांब दांड्यावर, रिकामटेकडी. ती वेलाचं बळ खातात असं ठरवून मी रोज ती कातरायचो, उमलायच्या आधीच. तरी एकेक गोटी पिवळी पडून गळतच होती.

गोटीवाली शेवटची कळी उरली, तेव्हा मेहुणी आली. ती प्रसूतिगृहात नर्स आहे. कचऱ्याचा डबा बघून तिनं कपाळाला हात लावला.

"भाऊजी, ही फुलं कोणी कापली?"

"मीच. बिनकामाची होती."

"अहो, नवरे होते ते! यांची पिवळी पूड त्या फुलात पडल्याशिवाय भोपळा धरत नाही. नवरदेवांची मुंडकी उडवलीत आणि पाळण्याची वाट बघताय?"

"बिनकामाचा नवरा ह्यांना बरा ओळखता आला," बायको म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

तिघांनी वेल पानन् पान धुंडाळला. पाइपामागे लांब दांड्याची एक कळी कात्रीतून सुटली होती. दोन्ही कळ्या उद्या उमलतील, म्हणत मेहुणी मुक्कामालाच राहिली.

सकाळी दोन्ही फुलं उघडली. इतक्या उंचावर मधमाशी फिरकेना.

"बिघडवलंत तुम्ही, आता करा तुम्हीच," मेहुणी म्हणाली.

मी नवऱ्याच्या पाकळ्या सोलल्या आणि मधला पिवळा दांडा दुसऱ्या फुलाच्या पोटात टेकवला. सवयीनं सुई टोचावी तसा जोर लागला.

"हळू! बटण नाही लावायचंय!" मेहुणी ओरडली.

पाचव्या दिवशी गोटी हिरवीच होती. आठव्या दिवशी लिंबाएवढी झाली. बायकोनं शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवली, आणि मला मात्र कात्रीसकट बाल्कनीच्या दारातच थांबवलं.

भोपळा पुरता पिकला तेव्हा तिनं तो स्वतः चिरला. आत टपोऱ्या बिया दाटीवाटीनं बसलेल्या. पहिली मूठ तिनं बहिणीला दिली. दुसरी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "धुवा नीट. जावईबापू, सासूबाईंचं वाण आहे."