सरावलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. शाळेच्या पाटीएवढी. माझ्या अंगावर नऊ भोके आहेत आणि एका बाजूला उथळ वाटी कोरलेली आहे. वाटीत नऊ खुंट्या असतात. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या बसल्या की पुन्हा एकेक काढून वाटीत टाकायची, एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, हा तर बालवाडीतला खेळ. पण माझ्याशी खेळायला मोठी माणसे येत, आणि त्यांच्यासमोर डॉक्टर घड्याळ धरून बसत.

मी मेपलच्या लाकडाची. दूर उत्तरेकडच्या सॅस्कटून शहरातल्या एका सुतारशाळेत मला घडवले. घडवणाऱ्याचे गिरमिट मधल्या भोकाशी येईपर्यंत बोथट झाले असावे, कारण ते भोक किंचित घट्ट राहिले. तिथे खुंटी जराशी फिरवून बसवावी लागते. ते माझे व्यंग, आणि तीच माझी ओळख. तिथून मी एका दवाखान्यात आले, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी असलेल्या.

या आजाराचे नाव लांबलचक असले तरी त्याचे काम समजायला अवघड नाही. आपल्या शरीरातल्या नसांवर एक स्निग्ध वेष्टन असते, विजेच्या तारेवर असते तसे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या वेष्टनाला शत्रू समजून कुरतडतात. मग मेंदूचा निरोप बोटापर्यंत नीट पोचत नाही आणि बोटाचा स्पर्श मेंदूला नीट कळत नाही. पेशींची अशी गल्लत का होते? लहानपणी किंवा तरुणपणी बहुतेकांना होऊन जाणाऱ्या एका साध्या विषाणूवर सर्वांत मोठा संशय आहे. पण तो विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो. तेव्हा आणखीही काही असणार. उत्तरेकडचे तोकडे ऊन, घराण्यातून आलेले काही, धूम्रपान. शोध चालू आहे. आमच्या भागात हा आजार फार. कुठल्याही गावातल्या कॉफीच्या दुकानात विचारा, कुणाची तरी मावशी नाहीतर शेजारी निघतोच.

आमच्याकडे येणाऱ्या ल्यूबाची तर सख्खी बहीण होती. हालिया तिचे नाव. तिच्या वेळी या आजारावर देण्यासारखे काहीच नव्हते. ती अंथरुणाला खिळली आणि गेली. काही वर्षांनी ल्यूबालाही तोच आजार निघाला. वाकॉ गावाजवळच्या शेतावरून ती आमच्याकडे यायची आणि नवरा ओरेस्ट तिला पिकअपमधून घेऊन यायचा. तोवर औषधे आली होती. रक्षक पेशींना आवर घालणारी औषधे, आणि वेळेवर दिली तर चांगले काम करणारी. पण आत एखादी नस मुकाट्याने वाळत चालली असेल, तर तिथे ती कमी पडत. म्हणून आमच्या डॉक्टर सिग्ने हॉल्व्हर्सन एका नव्या गोळीचा प्रयोग करत होत्या. झिजलेले वेष्टन पुन्हा वाढवेल अशी त्या गोळीकडून आशा होती. नेहमीचे औषध चालू ठेवून निम्म्या रुग्णांना ही गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ते बंद पाकिटांत लिहून ठेवले होते आणि ती पाकिटे शेवटीच उघडायची होती.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ल्यूबाला सगळे समजावले. "हात मंदावला तर ते मला या फळीवर दिसेल. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मंदावला, तर आपण गोळी थांबवायची आणि जास्त जोराचं औषध सुरू करायचं. कळलं ना?"

"कळलं," ल्यूबा म्हणाली. तिला कळले ते एवढेच, की हात मंदावला तर गोळी नापास होणार.

प्रयोगाची परिचारिका होती बर्नडीन. तिने माझ्यावर ल्यूबाकडून थोडा सराव करून घेतला. पहिली नोंद सरावानंतरच घ्यायची, म्हणजे पुढे केवळ सवयीमुळे वेग वाढल्यासारखा दिसत नाही. घरी सराव करू नका, असे मात्र कुणी सांगितले नाही. घरी कुणाकडे अशी फळी असणार? कुणाच्या डोक्यात ते आलेच नाही.

त्याच दिवशी डॉक्टर आणि बर्नडीन ल्यूबाचे चालणे पाहायला बाहेर गेल्या. खोलीत ओरेस्ट आणि मी. त्याने मला उचलले, उलटसुलट पाहिले, मधल्या भोकात खुंटी घालून फिरवली आणि स्वतःशीच म्हणाला, "हं, हे घट्ट आहे." मग खिशातून पेन्सिल काढली, शेतीच्या वर्तमानपत्रावर मला ठेवले आणि माझ्याभोवती रेघ ओढली. एकेक भोक गिरवून घेतले. खुंटीची जाडी मोजली. मला त्याच्या हातांचे फार कौतुक वाटले, आणि वाटले, त्यालाही माझे वाटते आहे. आमच्याकडचा शेतकरी कापणीचे यंत्रही स्वतः उघडतो आणि स्वतः जोडतो. अडचण दिसली की तिच्यासाठी काहीतरी तयार करायचे, ही त्याची प्रेम करायची रीत.

त्यानंतर ल्यूबा आली की माझी परीक्षा झटपट उरके. डॉक्टरांचा चेहरा खुलत असे. "सुंदर! मागच्या वेळेपेक्षाही छान! आणि एरवी कसं चाललंय?"

"बरं चाललंय. तक्रार करण्यासारखं काही नाही."

"चालताना पाय ओढता का हो जरा?"

"तो गुडघा! तरुणपणी बर्फावर कर्लिंग खेळताना आपटले होते. तुम्ही शाळेत असाल तेव्हा."

मित्रांनो, इथे 'बरं चाललंय' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. छप्पर वाऱ्याने उडाले, तरी आमची माणसे 'बरं चाललंय' म्हणतात. त्याहून जास्त सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात आपले ओझे नेऊन ठेवणे. मेंदूच्या चित्रांतही नवे डाग दिसले नाहीत, कारण आतून वाळणारी नस डाग पाडतेच असे नाही. डॉक्टरांनी गुडघ्याची नोंद केली आणि माझ्यावरचा वेग पाहून निश्चिंत झाल्या.

मला मात्र कळत होते. ज्या बोटांना स्पर्श असतो ती खुंटीला जरा चाचपतात, पेरांमध्ये फिरवतात, मग नेतात. ल्यूबाची बोटे तसे काही करत नव्हती. ती खुंटी बोटाच्या कडेने घट्ट दाबून धरी, नजर खुंटीवरून क्षणभरही हलवत नसे, आणि ओळखीच्या काळोख्या खोलीतून चालावे तशी सरळ भोकाशी जाई. मधल्या भोकाशी तर माझा स्पर्श होण्याआधीच तिचे मनगट वळे. हे घड्याळात दिसत नव्हते. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होत्या, आणि मला वाचा नव्हती.

जानेवारीत, त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नाताळाच्या सुमाराला, ल्यूबाने दवाखान्यासाठी पिरोग्या आणल्या. करंजीसारख्या, बटाटा आणि चीज भरलेल्या, घरी गोठवलेल्या, आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीतून. त्या दरवर्षी यायच्या. या पिरोग्यांची कडा चिमटीने दाबून मिटवावी लागते, म्हणजे उकळत्या पाण्यात त्या उघडत नाहीत. बादली बर्नडीन घरी घेऊन गेली.

पुढच्या खेपेला ल्यूबा माझ्यासमोर बसली, नेहमीसारखी झटपट सुटली. बर्नडीन हसत म्हणाली, "अगं ल्यूबा, ह्या वेळी काय दिलंस मला? पाण्यात टाकल्या आणि भांड्यात नुसतं बटाट्याचं सूप! खरं सांग, दुकानातून आणल्यास ना?"

"दुकानातून?" ओरेस्ट दारातून म्हणाला. "आमच्या घरात दुकानातल्या पिरोग्या आल्या तर माझी आई थडग्यातून उठून येईल! आणि फुटलेल्याच चवीला जास्त लागतात. मी तर वर्षभर त्याच खातोय."

तो मोठ्याने हसला. ल्यूबा हसली नाही.

डॉक्टरांनी घड्याळ टेबलावर ठेवले. "वर्षभर?"

"पीठ सैल झालं होतं," ल्यूबा म्हणाली.

"पिठाला काही झालं नाही," ओरेस्ट घाईने म्हणाला. आता तिला सांभाळून घेतलेच पाहिजे, असे त्याला वाटले असावे. "आणि हातालाही नाही हं, डॉक्टर! रोज सराव करते ती. थांबा, दाखवतोच तुम्हाला."

तो पिकअपपर्यंत जाऊन आला. त्याच्या हातात दुसरी मी होते. ओकच्या लाकडाची, कडा माझ्यापेक्षा गुळगुळीत, खुंट्या एकसारख्या तासलेल्या. डॉक्टरांनी एक खुंटी उचलून तिच्या मधल्या भोकात घातली. ते घट्ट होते. त्याने तेही तसेच ठेवले होते.

"सुबक आहे ना?" ओरेस्ट म्हणाला. मग डॉक्टरांचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "चुकलं का काही?"

डॉक्टर उठल्या. त्या ल्यूबाजवळ खुर्ची ओढून बसल्या. "ल्यूबा, डोळे मिटा. हात पुढे करा." आणि तिच्या तळहातावर त्यांनी माझी एक खुंटी ठेवली. "हातात काय आहे, सांगा."

ल्यूबा डोळे मिटून वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "ठेवा ना. तयार आहे मी."

ओरेस्टने टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड केले.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारले.

"मागच्याच्या मागच्या कापणीपासून. बटणं लागेनात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या खूश व्हायचात," ल्यूबा म्हणाली. "आणि हालियाच्या वेळी काहीच नव्हतं, डॉक्टर. आता कुठे काहीतरी आलंय. ते माझ्या हातामुळे बंद पडावं, असं मला नको होतं."

डॉक्टरांनी तिचा हात मिटवला. खुंटी आतच राहिली. "मी तुमच्या हाताकडे बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी घड्याळाकडेच बघत बसले."

ल्यूबाला प्रयोगातून बाहेर काढून जोराचे औषध सुरू केले. त्याने तिची घसरण पुष्कळ मंदावली. पण नस एकदा वाळली की आजच्या घडीला कुणालाच ती पुन्हा हिरवी करता येत नाही. तेच औषध बटणे लागेनाशी झाली तेव्हा मिळाले असते, तर त्या हातातले बरेच वाचले असते.

मग डॉक्टरांनी बाकीच्या रुग्णांना विचारले, न रागावता. तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. कुणी क्रिबेजच्या फळीवर सराव करत होते. हिवाळाभर पत्ते खेळून त्या फळीवर खुंट्यांनी गुण मांडायचे, हे आमच्याकडे घरोघरी चालते. कुणी काड्यापेटीतल्या काड्या वापरत होते. सगळ्यांना डॉक्टरांची गोळी पास करायची होती. माझ्यावरच्या नोंदी सगळ्याच बाजूला ठेवाव्या लागल्या.

शेवटी पाकिटे उघडली. ल्यूबाची गोळी औषध नसलेली निघाली. म्हणजे तिच्या सरावलेल्या बोटांनी खऱ्या गोळीला हात दिलाच नव्हता. औषध नसलेली गोळी घेऊनही माणसे सुधारतात, असे दाखवून तिने खऱ्या गोळीलाच मागे ओढले होते. ज्या औषधासाठी तिने रोज स्वयंपाकघरात बसून खुंट्या लावल्या, ते चांगले की वाईट हे अजून कुणाला कळलेले नाही. ते काम आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांसोबत पहिल्यापासून चालू झाले आहे.

आता मी खणात असते. परीक्षा काचेच्या पडद्यावर घेतात. माझ्या शेजारी ओरेस्टची फळी आहे. "ही तुमच्याकडेच राहू दे, घरात बघवत नाही," असे म्हणून तो ती ठेवून गेला. आम्ही दोघी सारख्याच दिसतो. तिला जितक्या मायेने घडवले तितक्या मायेने मला कुणी घडवले नव्हते, आणि तरी तिच्याकडे पाहिले की मला वाईटच वाटते.

बर्नडीन कधीकधी खण उघडते, नव्या रुग्णाला आम्हा दोघींना दाखवते आणि ओरेस्टची गोष्ट सांगते. मग म्हणते, "इथे पास व्हायला येऊ नका. जसे आहात तसे या."

मित्रांनो, माझेही तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आपली माणसे 'कसा आहेस' म्हणून विचारतील, तेव्हा त्यांचा चेहरा खुलावा म्हणून दुखणे लपवू नका. आणि कधी तुम्हीच विचारणारे झालात, तर उत्तर ऐकून लगेच खूश होऊ नका. समोरच्याच्या हाताकडे बघा.

परवा ल्यूबा येऊन गेली. माझी एक खुंटी डॉक्टर अजून कोटाच्या खिशात ठेवतात. त्यांनी विचारले, "कसं काय, ल्यूबा?"

"बरं..." ती सवयीने म्हणाली आणि थांबली. "आज कोटाचं एकही बटण लागलं नाही. सगळी ओरेस्टने लावली. पिरोग्याही आता तोच वळतो. त्याच्याही फुटतात."

"खोटं!" ओरेस्ट म्हणाला. "दोनच फुटल्या!"

डॉक्टर हसल्या, पण घाईने नाही. त्यांनी खिशात हात घातला. ल्यूबाने न सांगता डोळे मिटले, तळहात पुढे केला आणि जरा वेळाने, शांतपणे म्हणाली, "ठेवलं असेल तुम्ही काहीतरी. मला कळत नाही."