न वाजलेला टाळ

मित्रांनो, मी एक टाळ आहे, जुना. खरं तर ‘आम्ही’ म्हणायला हवं, कारण काशाच्या दोन वाट्या आणि मध्ये एक दोरी, तेव्हा कुठे टाळ होतो. पण माणसं आम्हा दोघांना एकच समजतात, म्हणून मीही ‘मी’च म्हणतो.

भट्टीत तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं. घासून घासून चकाकी आणली. मग एका जत्रेत मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे खेमाबापू दुकानात आले. तरुण होते तेव्हा. दुकानातला एकेक टाळ कानाशी धरून वाजवू लागले. दुकानदार वैतागला. “टाळ घ्यायचा हाय का सोयरीक जुळवायची हाय, बापू?”

“सोयरीक एवढी पारखून नाई केली,” बापू म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, धनीबाईंनी, त्यांच्या पाठीत कोपर मारलं.

तेव्हापासून मी बापूंचा. तांड्यावरच्या देवळात भजन असो की सप्ताहातलं कीर्तन, बुवांच्या पाठीमागे पहिला टाळ बापूंचाच. काय सांगू ते सुख! बुवा आख्यान रंगवायचे, माणसांना हसवायचे, मग डोळ्यांना पदर लावायला लावायचे. आणि सगळीकडे शांत झालं की हात वर करायचे. त्या हाताची आम्ही वाटच पाहत असायचो. सगळे टाळ एकदम कडाडायचे आणि देवाचं नाव छपरापर्यंत जायचं. माणसं बापूंना भगत म्हणायची. थोडी फुशारकी मलाही होतीच.

मग घरात नात आली. बापूंचा मुलगा राजपाल आणि सून अंजू ऊसतोडीहून परत आले आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास अपूर्वा जन्मली. सगळे तिला अपू म्हणत. अपू काही महिन्यांची झाली आणि घरात एक नवा खेळ सुरू झाला. बापू भजनाहून आले की मला तिच्या उशाशी वाजवायचे. अपू लगेच मान वळवायची, हात नाचवायची, हसायची.

“भगताची नात हाय!” धनीबाई शेजारणींना बोलावून दाखवत. “टाळाकडं कशी टक लावून पाह्यते, पाह्य!”

शेजारणी अपूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. मी वाजत राहायचो. फक्त अंजू हसायची नाही.

तिच्या मनात काहीतरी सलत होतं. अपूला पाजताना ती वाकून तिच्याकडे पाहायची, पण अपूची नजर तिच्या तोंडावर ठरायची नाही. डोळे इकडून तिकडे झुलत राहायचे. अंजू बोलली की अपू हसायची. न बोलता हसली, तर नाही. आणि अपू मुठी वळून डोळ्यांत खुपसायची, झोप आलेली नसतानाही. एकदा अंगणात ऊन तिरपं पडलेलं असताना अंजूला तिच्या बुबुळात काहीतरी पांढुरकं दिसलं. दुधाचा थेंब पडावा तसं. तिनं पदरानं पुसलं. ते पुसण्यासारखं नव्हतं.

“याडी,” ती सासूला म्हणाली. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. “अपूले दिसते ना हो?”

“आता हे काय नवीन?” धनीबाई उखडल्या. “टाळाकडं पाह्यते, मह्या बांगड्यांकडं पाह्यते. कायले असं तोंडात आणून राह्यली?”

अंजूनं अपूला उचलून घेतलं. पण धनीबाईंच्या बांगड्याही वाजतातच की! हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी खुंटीवरून पाहिलं.

दिवाळी झाली होती. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी भरायची होती. धनीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. घरात अंजू आणि अपू दोघीच. अंजूनं दारातल्या उन्हात गोधडी टाकली, अपूला निजवलं आणि मला खुंटीवरून काढलं.

माझी एक वाटी तिनं मुठीत गच्च धरली. दुसरी दोरीला टांगून अपूच्या डोळ्यांसमोर धरली आणि हळूहळू हलवू लागली. आवाज न करता.

मित्रांनो, मला आयुष्यात कुणी असं हलवलं नव्हतं. न वाजणारा टाळ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ऊन माझ्यावर पडलं होतं. माझा कवडसा भिंतीवरून धावत गेला, अपूच्या गालावर आला, डोळ्यावर चढला. अपूची पापणी हलली नाही. मी इकडे गेलो, तिकडे गेलो. मी मनात म्हणत होतो, पाहा ग बाई, माझ्याकडे पाहा, मी इथेच आहे, वीतभर अंतरावर! ती छताकडे तोंड करून आपली बोटं चोखत होती.

अंजूनं मूठ सोडली. वाट्या एकमेकींवर आपटल्या. किण्ण!

अपू चटकन वळली. खुदकन हसली. मला धरायला हात पुढे केले, पण ते भलतीकडेच गेले, हवेत.

अंजू ओरडली नाही. तिच्या घशातून जो आवाज आला, तो मी कुठल्याच कीर्तनात ऐकला नव्हता. धनीबाई सूप टाकून धावत आल्या. मागोमाग बापू आले, राजपाल आला.

“काय झालं व?” बापूंनी विचारलं.

“तिले दिसत नाई, बापू. ते आवाज ऐकते. आपल्याले वाटते पाह्यते.”

“खुळी झाली काय तू? आण इकडं.” बापूंनी मला हिसकून घेतलं. कितीतरी वर्षं त्यांचा हात तालातून एकदाही चुकला नव्हता. तो हात आता थरथरत होता. त्यांनी मला अपूसमोर हलवलं मात्र, आणि अपू वळली.

“पाह्यलं! पाह्यलं ना तिनं!” धनीबाईंनी हात जोडले.

“बापू,” अंजू म्हणाली, “टाळ वाजला.”

खरंच वाजलो होतो. हात कापला की टाळ वाजतोच. बापूंनी खांद्यावरचं उपरणं माझ्या दोन्ही वाट्यांच्या मध्ये कोंबलं. पुन्हा हलवलं. ते हलवत राहिले. अपू बोटं चोखत होती. मग बापूंनी मला गोधडीवर ठेवलं.

“कोनाची नजर लागली असंन,” धनीबाई रडत उठल्या. “थांब, मीठ-मिरच्या उतरून टाकतो.”

“उतरा, याडी. पण येष्टीत बसल्यावर उतरा. मी वाशिमले डाक्टरकडं चालली.”

राजपालच्या खिशातला फोन वाजत होता. “मुकादम हाय. उद्या गाडी...”

“तुमी जा उसाले. मी पोरगी घेऊन जाईन.”

राजपालनं फोनकडे पाहिलं, मग अपूकडे. “ऊस काई पळून नाई जात,” तो म्हणाला आणि फोन बंद केला.

बापूंनी मला पिशवीत टाकलं. वाटेत पोरगी रडली तर वाजवायला, म्हणाले. पण त्या प्रवासात मला कुणी वाजवलं नाही. मानोऱ्याच्या पुढे येष्टी खड्ड्यात आदळली आणि मी पिशवीत आपोआप किणकिणलो, तेव्हा सगळ्यांनी दचकून अपूकडे पाहिलं. ती वळली होती. अंजूनं तोंड खिडकीकडे केलं.

वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अपूच्या डोळ्यांत थेंब टाकले, उजेड धरून बराच वेळ पाहिलं. मग सरळच सांगितलं, “आत पांढरं दिसतंय. जन्मतःच मोतीबिंदू असू शकतो. क्वचित डोळ्यात गाठ असते, तीही अशीच पांढरी दिसते. मशीनवर तपासून घेऊ, मगच बोलू.”

“गाठ असली तं?” राजपालनं विचारलं.

“तर डोळ्याआधी जीव वाचवायला लागेल.”

अपूला आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या बाकड्यावर चौघं बसली. पिशवी बापूंच्या मांडीवर होती. त्यांची बोटं कापडावरून मला चाचपत होती, ओठ हलत होते. बुवांच्या मागे उभं राहून ज्या नावाचा गजर करायचे तेच नाव ते घेत होते, पण आवाज फुटत नव्हता. अंजूची नजर दारावरून हलत नव्हती. धनीबाई हळूच सरकल्या आणि त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला. “मी तुले खुळी म्हणू देलं,” एवढंच म्हणाल्या. मला वाटत होतं, आत्ता जर हे दार उघडून वाईट शब्द बाहेर आला, तर मी पुन्हा कधी वाजूच शकणार नाही.

दार उघडलं.

“गाठ नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उशीर झालाय, आणखी करू नका. डोळ्याला नीट दिसलंच नाही, तर मेंदू पाहायचं शिकतच नाही. आणलंत ते बरं केलंत.”

अंजू तेव्हा कुठे रडली.

ऑपरेशन मोठ्या शहरात झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. ते दिवस मी घरच्या खुंटीवर भीतीत काढले. फोन आला की धनीबाई देवापुढे जाऊन उभ्या राहत, मगच उचलत.

अपू परत आली ती जाड भिंगांचा इवलासा चष्मा घालून, रबरी पट्ट्यानं डोक्याला बांधलेला. शेजारणी चुकचुकल्या. “पोरीच्या जातीले चष्मा! कसं व्हईन पुढं?” धनीबाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

दुपारी ऊन दारात आलं. बापूंनी मला काढलं, उपरणं वाट्यांच्या मध्ये कोंबलं आणि अपूसमोर धरलं. मी हललो. तिचे डोळे झुलतच होते. मी पुन्हा हललो. मित्रांनो, मी धातूचा आहे, पण त्या वेळी माझ्यात जीव होता आणि तो कंठाशी आला होता. अपूचे डोळे झुलता झुलता थांबले. माझ्यावर. मी सरकलो, तेही सरकले, जरा मागून, चुकल्या टाळासारखे. मग ते माझ्यावरून पुढे गेले आणि पाठीमागे बसलेल्या अंजूच्या तोंडावर जाऊन ठरले.

अंजू मुद्दाम गप्प होती. ओठ घट्ट दाबून बसली होती. बांगड्याही काढून ठेवल्या होत्या.

अपू तिच्याकडे पाहत राहिली. आणि हसली.

किती दिसेल, कधी नीट दिसेल, ते डॉक्टरसुद्धा अजून सांगत नाहीत. तपासणीची तारीख जवळ आली की धनीबाई पुन्हा देवापुढे जाऊन उभ्या राहतात. बुवा कीर्तनात म्हणतात, डोळे मिटले तरी देव दिसतो. खरंच असेल ते. पण आई दिसायला डोळे लागतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर त्याला खेळवताना कधीतरी खुळखुळा बाजूला ठेवा. बांगड्या, टाळ्या, लाडाचे बोल, सगळं थोडा वेळ थांबवा. त्याच्यासमोर नुसतं हसा आणि ते हसतं का पाहा. नाही हसलं, किंवा डोळ्यात पांढरं दिसलं, तर कुणी खुळी म्हणो की आणखी काही, गाडी धरा. आणि घरातली आई ‘मला भीती वाटते’ म्हणाली, तर आधी तिचं ऐका.

आज देवळात भजन आहे. बापू उपरणं झटकत आहेत. अपूनं चष्म्यातून मला खुंटीवर पाहिलंय आणि हात वर केलाय, बुवांसारखा. तो हात वर गेला की मला वाजावंच लागतं.