पंचवीस पौंड हवा

तिरोड्याला स्टेशनजवळ एकोणचाळीस वर्षं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट शिकवली. चाकात हवा कमी ठेवू नका. टायर अंगठ्यानं दाबून मी माणसाची पारख करायचो. टायर कडक असेल तर माणूस शिस्तीचा, दबलं तर आळशी. माझ्या मुलीला, अल्काला, बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या मोटारसायकलचं टायर मी चहा व्हायच्या आधीच गुपचूप दाबून पाहिलं होतं, आणि नकार कळवला होता. अल्का ते अजून बोलून दाखवते.

असा मी हवेतला जाणकार माणूस. म्हणून पुढे जे झालं ते मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

माझी बायको अंजना वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी करते. पाणी ओसरलं की रेतीत खड्डे खणायचे, त्यात शेणखत टाकून टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावायचं, झिरा खोदून घागरीनं पाणी घालायचं. अठ्ठावीस वर्षं ती जागा तिची आहे. कागद कोणाकडेच नाही, पण आमच्या घाटावर रीत पक्की आहे. ज्यानं लावलं त्याची जागा, आणि ज्याला माल बाहेर काढता आला नाही त्यानं पुढच्या वर्षी जागा सोडायची.

यंदा अंजनाचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर टोपली घ्यायची नाही. वाडीपासून काठापर्यंत दीड किलोमीटर रेती आहे आणि मध्ये एक उंच टेकाड. बैलजोडी गावात उरली नाही. ट्रॅक्टर नदीत उतरला की तो रेती चोरायलाच उतरला असं सगळे समजतात. मार्च संपत आला, माल पिकला, आणि बाजूच्या वाडीचा मनिराम रोज येऊन विचारू लागला, "वहिनी, मंग कसं करता?"

मनिराम वाईट माणूस नाही. त्याला फक्त अंजनाची जागा पाहिजे होती.

अल्का नागपूरला असते. तिच्या ओळखीचं एक सहलीचं ठिकाण बंद पडलं होतं. तिथली लहान मुलांना फिरवायची चार जाड चाकांची मोटारसायकल तिनं टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवली. एटीव्ही म्हणतात तिला. आमच्या गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव केकडा ठेवलं.

गाडीसोबत अल्कानं एक कागद पाठवला होता. मी अक्षरं शिकलो ती छप्पन्नाव्या वर्षी, विहारातल्या वर्गात, म्हणून तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. वर लिहिलं होतं, 'बाबा, पहिल्यांदा रेतीत जायच्या आधी.' खाली दहा सूचना होत्या. मी कागद भिंतीला चिकटवला आणि बोट ठेवून एकेक वाचली.

पहिली, हवेच्या फिल्टरवर जुना पायमोजा चढवा, म्हणजे रेती आत जाणार नाही. माझ्याकडे पायमोज्यांचा एकच जोड होता, अल्काच्या लग्नातला. एक गाडीला दिला. दुसरा अजून तसाच आहे, त्याचं काय करावं कळत नाही.

मग साखळीला तेल. हे मी डोळे मिटून केलं. मग मागे उंच झेंडा, टेकाडापलीकडच्याला गाडी दिसावी म्हणून. मी बांबूला लाल कापड बांधलं. अंजना म्हणाली, "हे माह्या लुगड्याचं हाये."

"फाटलेलं होतं."

"आता फाटलं."

चष्मा लावायला सांगितला होता. दुकानातला वेल्डिंगचा काळा चष्मा होता. तो लावून मला अंगणातली विहीर दिसेना, तेव्हा अंजनानं तो काढून घेतला आणि तिचा वाचायचा दिला. त्यातून विहीर दिसायची, पण फार जवळ. बूट हवेत असं लिहिलं होतं. धानाच्या रोवणीचे गमबूट होते, ते काढले.

सहावी सूचना माझ्या शरीराबद्दल होती. 'चढावर सीटवर बसायचं नाही. गुडघे वाकवून उभं राहायचं. आठ दिवस घरी सराव करा.' मी अंगणात दोन विटा ठेवल्या, त्यांच्यावर पाय दिले, गुडघे वाकवले आणि हवेत हँडल धरून उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी मनिराम कुंपणाजवळ थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"केवळभाऊ, घरी संडास बांधला ना तुमी?"

"बांधला."

"मंग अंगनात काऊन बसून राहिले?"

त्या दिवसापासून मी घराच्या मागे सराव केला.

सातव्या सूचनेशी मात्र माझं जमलं नाही. तिथं लिहिलं होतं, 'चाकात हवा ५ पौंड ठेवा.'

मी तीनदा वाचलं. पाच पौंड! पाच पौंडांत लहान मुलाची तीनचाकी चालत नाही. पोरगी घाईत असेल, ऑफिसात बसून लिहिलं असेल. पाचच्या आधीचा दोन राहून गेला, असं मी ठरवलं. दाराच्या चौकटीवरून पेन काढलं आणि पाचच्या आधी दोन लावला. पंचवीस. जन्मात पहिल्यांदा मी कोणाचं लिहिलेलं दुरुस्त केलं होतं. विहारातल्या वर्गाचे मास्तर जिवंत असते तर त्यांना नेऊन दाखवलं असतं. मग पंप काढला आणि चारही चाकांत पंचवीस पौंड हवा भरली. टायर वाजवून पाहिलं तर तबल्यासारखं वाजलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

सोमवारी सकाळी सहाला अंजना काठी टेकत आधीच निघाली. वाडीत पोहोचायला तिला दीड तास लागतो. ती फळं तोडून ठेवणार होती आणि मी केकडा घेऊन न्यायला जाणार होतो. जाताना ती एवढंच म्हणाली, "आज आले तं आले. नाई तं मी मनिरामले हो म्हणून टाकते. रोज रोज त्याले नाई म्हणाची ताकद नाई माह्यात."

साडेसातला मी निघालो. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर बायकोचा चष्मा, पायात गमबूट, मागे लुगड्याचा झेंडा. बाजूला पंप बांधला होता. पंपाबद्दल कागदात काही नव्हतं, पण मी पंपाशिवाय कुठे गेलेलो नाही.

काठाजवळची ओली रेती घट्ट असते. तिथं गाडी अशी पळाली की मी दोन वेळा मोठ्यानं हसलो. पुढे कोरडी रेती लागली. गाडी जड झाली, मागचं बूड डावीउजवीकडे हलू लागलं. मी चिखलणीचे ट्रॅक्टर पाहिलेला माणूस. धानाच्या बांधीत चाक जागच्या जागी फिरतं, चिखल उडतो, आणि सगळे म्हणतात काम चांगलं होऊन राहिलं. म्हणून मी तसाच रेस वाढवत टेकाडाला भिडलो. विटांवर शिकल्याप्रमाणे गुडघे वाकवून उभा राहिलो. अर्ध्या चढावर गाडी थांबली. चाकं थांबली नाहीत. ती फिरत राहिली आणि मला वाटलं, बरं चाललंय. खाली पाहिलं तेव्हा मागची चाकं अर्धी गडप झाली होती. मग पुढची बाजू हळूच वर उचलली आणि मी मागच्या मागे, खुर्ची ओढून घेतल्यावर पाहुणा बसतो तसा, रेतीत बसलो.

टेकाडाच्या माथ्यावर दोन डोकी दिसली. अंजना आणि मनिराम. झेंडा दिसला आणि पुढे सरकला नाही, म्हणून दोघं पाहायला आले होते.

"केवळभाऊ," मनिराम वरून म्हणाला, "गाडी पेरली का? उगवून किती येतील?"

मी हातांनी रेती उपसली. टायर दाबून पाहिलं. आता इथं माझं डोकं कसं चाललं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. गाडी रुतली म्हणजे चाकात जोर कमी, आणि जोर कमी म्हणजे हवा कमी. मी पंप सोडवला आणि मागच्या दोन्ही चाकांत आणखी दोन-दोन पौंड हवा भरली. उन्हात, हेल्मेट घालून. पुन्हा सुरू केली. तिनं एकदा हुंकार दिला आणि चाकांच्या आसापर्यंत खाली गेली, म्हैस डबक्यात बसते तशी, समाधानानं.

वर मनिराम अंजनाला म्हणाला, "वहिनी, मंग उद्यापासून मी पाहू का वाडी?"

अंजनानं माझ्याकडे पाहिलं. मी पंप धरून उभा होतो. "पाहा," ती म्हणाली आणि वाडीकडे वळली.

तिची पाठ मी कधी अशी वाकलेली पाहिली नव्हती. मी अल्काला फोन लावला.

"बाबा, निघालात का?"

"निघालो. अडकलो."

"हवा किती आहे चाकात?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण हवेबद्दल मला खोटं बोलता येत नाही. "सत्तावीस."



"सत्तावीस? मी पाच लिहिलं होतं."

"तुझा दोन राहिला होता. मी लावला."

"बाबा! दोन राहिला नव्हता. पाच म्हणजे पाच. टायर पसरलं पाहिजे रेतीवर. कडक टायर म्हणजे कुदळ, खणतच जातं. आत्ताच्या आत्ता हवा सोडा."

"आता? लोक पाहून राहिले."

"कोण लोक?"

"मनिराम."

"मग आईनं वाडी त्याला देऊन टाकायची का?"

"दिली," मी म्हणालो.

मी फोन खिशात ठेवला आणि चाकाजवळ बसलो. काडीनं वॉल्व्ह दाबला. फुसऽऽ. एकोणचाळीस वर्षं हा आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावायचो. आता तो मी स्वतः करत होतो, गेज लावून मोजून, एकेका चाकाचा. अठरा, बारा, आठ, पाच. टायरचं पोट सुटलं, कडेला सुरकुत्या पडल्या. माझ्या दुकानासमोर कोणी अशी गाडी आणली असती तर मी तिच्या मालकाशी आठवडाभर बोललो नसतो.

मनिराम उतरून जवळ आला. त्याला कळेना. "केवळभाऊ, रागानं गाडीची हवा सोडता का जी?"

"मागून ढकल," मी म्हणालो.

"मी कायले ढकलू? माहं नुकसान हाये."

पण त्यानं ढकललं. आधीच सांगितलं, माणूस वाईट नाही. आम्ही दोघांनी गाडी उपसून खालच्या सपाटीवर आणली. मी गाडी लांब मागे घेतली, उभा राहिलो, गुडघे वाकवले आणि या वेळी सूचना जशा लिहिल्या होत्या तशा मनात म्हटल्या, दुरुस्ती न करता. सरळ चढा. आडवं जाऊ नका. मध्ये थांबू नका. गाडी रेतीवरून अशी गेली जशी ओल्या गोधडीवरून मांजर जातं. मी माथ्यावर पोहोचलो. पलीकडचा उतार खड्या भिंतीसारखा दिसला. अंजनाच्या चष्म्यामुळे तो माझ्या नाकाला चिकटूनच होता. उतारावर ब्रेक मारू नका, असं नवव्या सूचनेत होतं. मी मारला नाही. मी खरं तर काहीच केलं नाही, फक्त ओरडलो. गाडी खाली गेली, वाडीत शिरली आणि तीन टरबुजांवरून जाऊन चौथ्याला टेकून थांबली.

अंजना खड्ड्याजवळ बसली होती. ती उठली. आधी टरबुजांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चार गेले," ती म्हणाली.

"तीन. चौथं टेकलेलं हाये फक्त."

तिनं चौथं उचललं. खालून फुटलं होतं. ते तिनं माझ्या हातात दिलं. मी हेल्मेट न काढताच खाऊ लागलो.

मनिराम टेकाड उतरून आला तेव्हा ती गाडीच्या मागच्या जाळीवर पोती अंथरत होती.

"मनिराम, वाडी द्याची नाई."

"आत्ता तं पाहा म्हटलं वहिनी तुमी!"

"म्हटलं. पाहिली ना तुनं? झालं."

"आनं गाडी मी ढकलली ते?"

"ढकलली म्हणून हे ने." तिनं त्याला दोन मोठी टरबुजं दिली. तो ती दोन्ही काखांत धरून उभा राहिला. मग म्हणाला, "केवळभाऊ, माही बी चार पोती हायेत पिकलेली." अंजना म्हणाली, "आधी माहा माल जाईल, मंग पाहू." तेव्हा मला कळलं की केकडा माझा राहिलेला नाही.

दुपारपर्यंत मी सात फेऱ्या मारल्या. दोनदा पडलो, पण रेती मऊ असते. सातव्या फेरीला ती स्वतः मागे बसली. टेकाडाजवळ आल्यावर म्हणाली, "मी उतरून चालते."

"बस."

"तुमी पाडान."

"बस म्हटलं ना."

ती बसली. चढावर माझा हात जरा ढिला पडला तशी तिनं पाठीत अशी थाप मारली की मी रेस वाढवली. काठावर ती सावकाश उतरली, गुडघा चोळला आणि फळांच्या ढिगाकडे बघत मनात मोजू लागली.

"झिऱ्याजवळच्या ओळीत अजून चौदा डांगरं राहिली," ती म्हणाली. "मी इथं बसते. जाऊन या."

मी चारही टायरं अंगठ्यानं दाबून पाहिली. दबली. मी निघालो.