कट कुणी म्हणालंच नाही

पाहुणी बाई तिसऱ्या दिवशीही कॅमेरा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा माईने सुनेला स्वयंपाकघरात ओढलं.

"ही नक्की करतेय तरी काय गं?"

"माहितीपट, आई. आपल्या धंद्यावर. देशभर एवढे पिक्चर एवढ्या स्वस्तात, एवढ्या पटापट कसे निघतात, ते तिला दाखवायचंय."

"म्हणजे पिक्चरचा पिक्चर?"

"तसंच."

"हिरो कोण त्यात?"

"कुणीच नाही."

"मग बघणार कोण? हिचा बाप?"

सून खो खो हसली. पण माईला पडलेलं कोडं काही सुटलं नाही.

माईचा मुलगा डायरेक्टर. आठ दिवसांत एक पिक्चर उरकायचा, नवव्या दिवशी दुसरा धरायचा. आणि सगळे पिक्चर घरातल्या हॉलमध्येच. एक भिंत गुलाबी, ती श्रीमंताची. एक हिरवी, ती दवाखान्याची. तिसरी निळी, ती पोलीस चौकी. सोफ्याची खोळ बदलली की माणसं बदलली. त्या एका हॉलात माईने चौदा मुलगे वाढवले होते, नऊ सुनांना घराबाहेर काढलं होतं आणि पाच वेळा नवरा गमावला होता. खऱ्या आयुष्यात मुलगा एकच, सून एकच, नात एकच, ती छकुली, आणि नवराही एकदाच गेला, तो कुणाला न विचारता.

लिहिलेले संवाद वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हतीच. माईची शाळा दुसरीत सुटलेली. कागद दिला असता तर तिने त्यात डबा गुंडाळला असता. शिवाय आधी सांगितलं की तिचा चेहरा ताठ व्हायचा, भिंतीत खुंटी मारल्यासारखा. म्हणून मुलाने युक्ती काढली होती. कॅमेरा लावून ठेवायचा आणि चहा पिता पिता एकदम सुरू करायचं. माई तोंडाला येईल ते बोलायची आणि बावनकशी बोलायची. मुलगा "कट" म्हणाला की पिक्चर संपला, चहा पुढे चालू. असे एकसष्ट पिक्चर झाले, कधी घोटाळा झाला नाही.

या पाहुणीचं मात्र सगळंच उफराटं. ना दिवे, ना "रेडी", ना "कट". वर म्हणे, "माई, आम्ही इथे नाहीच असं समजा."

"घरात दोन धडधाकट माणसं उभी आहेत नि ती नाहीत असं कसं समजू? भुतं आहात का?"

पाहुणीचा दाढीवाला कॅमेरामन तेही टिपत राहिला.

त्या दिवशी दुपारी माई सोफ्यावर बसली होती. खोळ लाल, म्हणजे चालू पिक्चरचीच. समोर मुलाचा कॅमेरा तिकाटण्यावर उभा, बाजूला दाढीवाला. मुलगा आला आणि तिच्या पायाशी बसला.

"आई, आम्ही चाललो."

माईने लगेच पाठ सरळ केली. या पिक्चरची गोष्टच होती, आईला सोडून जाणाऱ्या मुलाची. सुरू झालं होय!

"राजधानीतल्या मोठ्या कंपनीनं मला घेतलंय. तिथे खरा स्टुडिओ आहे. आम्ही तिघंही जाणार. छकुलीची शाळापण तिकडेच बघितलीय."

माईने क्षणभर विचार केला. मागच्या पिक्चरात ती इतकी खाष्ट झाली होती, की भाजीवाली महिनाभर तिला सडके टोमॅटो देत होती. यंदा प्रेमळ आई करायची, असं तिने ठरवूनच टाकलेलं.

"जा बाळा," ती म्हणाली. "पाखराला पंख फुटले की घरट्यानं रडायचं नसतं. माझं काय, पिकलं पान. तू मोठा हो. मागे वळून बघू नकोस."

मुलाने तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागला. माई चकित झाली. हा मेला दोनदा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला होता तेव्हा विजेच्या खांबासारखा दिसला होता, आणि आज नाकातोंडातून पाणी! दाराशी सूनही डोळे पुसत होती. माईने आपल्या डाव्या डोळ्यातला थेंब अलगद धरून ठेवला, कॅमेरा त्या बाजूला होता म्हणून. आणि वाट बघू लागली.

कट काही येईना.

थेंब गालावरून हनुवटीवर आला, हनुवटीवरून मुलाच्या केसांत पडला. गुडघ्याला मुंग्या आल्या. शेवटी ती दातांतून पुटपुटली, "अरे, कट म्हण की!"

मुलाने मान वर केली. "काय?"

"कट! पाय बधिर झाला माझा."

"आई," तो म्हणाला, "आपला कॅमेरा बंद आहे."

माईने नीट पाहिलं. तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यावर फडकं टाकलेलं होतं. चालू होता तो फक्त दाढीवाल्याचा.

"म्हणजे... छकुलीची शाळा?"

"नाव घातलंय."

माई पाहुणीकडे वळली. "बाई, हे पुन्हा घ्या. चुकलं माझं."

"आमच्यात पुन्हा घेत नाहीत, माई."

"कसला गं हा तुमचा धंदा! आमच्याकडे शेजारचं कुत्रं भुंकलं तरी पुन्हा घेतात."

"तुम्हाला नको असेल तर मी हे दाखवणार नाही," पाहुणी हळूच म्हणाली. "पण मला वाटलं, तुम्ही मनापासून बोललात."

"दाखव बघू."

दाढीवाल्याने छोटा पडदा तिच्यापुढे धरला. पडद्यावरची बाई मुलाला जा म्हणत होती. माई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. ही खोटं बोलतेय म्हणावं, तर शब्द हिला दिले कुणी? आणि खरं बोलतेय म्हणावं, तर आपण पुन्हा घ्या कशाला म्हटलं? स्वतःचं तोंड, पन्नास वर्षं आरशात बघितलेलं, आणि आज ओळख पटेना.

मुलाने खिशातून फोन काढला. "आई, मग खरं काय ते सांग. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. आत्ता कळवतो त्यांना."

"नको" जिभेवर आलेलं होतं. त्याला अडवायचे शंभर उपाय तिला पाठ होते. छाती धरून कोसळणं, औषधाची बाटली, दारात आडवं होणं. पण सगळे त्यानेच तिच्याकडून करून घेतलेले. कुठलाही काढला असता तरी त्याने ओळखला असता. तिने सुनेकडे पाहिलं. सून फरशीकडे बघत होती, श्वास धरून.

"कधी निघायचं म्हणतोस?" माईने विचारलं.

"एकोणतीसला."

"आणि या पिक्चरचं?"

"थोडंसंच उरलंय."

"थोडंसं कसं? माझं मरण अजून घ्यायचंय. ते उरकल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही."

"मग उद्याच घेऊ ना, आई. तासाभराचं काम."

"उद्या नको," माई म्हणाली. "अठ्ठावीसला."