केरू तांडेलाचा मिटणारा पंखा

मित्रांनो, मी पितळेचा पंखा आहे. वारा घालणारा नव्हे, बोट पुढे ढकलणारा. पाण्याखाली राहून काम करायचे म्हणून माझा जन्म झाला. आता मी रत्नागिरीला एका घराच्या पडवीत, भिंतीला टेकून उभा आहे. माझे एक पाते मिटलेले आहे आणि दुसरे अर्धे उघडलेले. ते असे का, हे मी तुम्हाला सांगणार आहे.

मला कुठे ओतले ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती माझगावच्या एका कारखान्यातल्या फळीची. एकोणीसशे बत्तीस साल होते. फळीवर आम्ही तिघे पंखे होतो आणि आमच्यासमोर केरू तांडेल उभा होता. त्याच्याकडे शिडाचा मचवा होता. वैशाखात तो मुंबईला आंबा न्यायचा. वारा पडला की मचवा समुद्रात उभा राही आणि आंबा आतल्या आत नासून जाई. म्हणून त्याने मोडीत निघालेल्या एका लाँचचे इंजिन घेतले होते. आता त्याला पंखा हवा होता.

"तांडेल, हा तीन पात्यांचा घ्या," कारखान्यातले मिस्त्री म्हणाले. "एकच तुकडा. बिघडायला त्यात काही नाहीच."

"शिडावर चालताना हा काय करनार?"

"काय करणार? पाण्यात उभा राहणार."

"म्हंजे पाठीमागं बादली बांधून चालल्यासारखा. नको."

मिस्त्रींनी दुसरा पुढे केला. शिडावर असताना तो आपली पाती वळवून पाण्याला फक्त कड देत असे, म्हणजे पाणी अडत नसे. त्याच्या पोटात दातेरी चाके होती.

"रत्नागिरीत चाक तुटलं तर?"

"इकडे घेऊन या."

"वारा पडलेला असताना?"

मिस्त्री हसले आणि त्यांनी मला उचलले. माझी दोन पाती त्यांनी तळहाताने मागे मिटली आणि सोडून दिली. "हा शिडावर मिटतो. इंजिनाचा दांडा फिरला की आपोआप उघडतो. बोट मागे घेताना जरा दुबळा आहे, ते सांगून ठेवतो. आणि ही बिजागरी साफ ठेवा. ती अडली तर हा नुसता पितळेचा गोळा."

"साफ ठेवायला मी हाय ना," केरू तांडेल म्हणाला आणि त्याने मला घेतले.

चार वर्षे त्याने शब्द पाळला. शिडावर असताना मी मिटून राही आणि मचवा पूर्वीसारखाच पळे. वारा पडला की इंजिन सुरू होई, माझी पाती उघडत आणि आम्ही बंदर गाठत असू. "तांडेलानं म्हातारपणी समुद्रात चूल मांडली," असे इतर तांडेल चिडवत. तो म्हणे, "तुमचे आंबे नासतात, माझे भाजत तरी नायत."

पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढून नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारला जाई. नारळी पौर्णिमेच्या आधी झाप काढत आणि चुना व माशाचे तेल खलून त्याचा लेप पाण्याखाली जाणाऱ्या सगळ्या फळ्यांना देत. तो वाळला की दगडासारखा होई आणि लाकडाला कीड लागत नसे. या कामाला सारे घर लागे. केरू तांडेलाची मुलगी दमयंती लहानपणापासून वडिलांबरोबर लेप देत आली होती. "लेप नसलेली बोटभर जागाही दर्या शोधून काढतो," हे त्याने तिला शिकवले होते. पुढे ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, घरात पुस्तकांचे कपाट आले. पण लेपाच्या दिवशी ती रजा घेई. माझ्याजवळ मात्र तांडेल स्वतः बसे. फडक्याने बिजागरी पुसे, पाती दहादा उघडमीट करून पाही. हे तो कुणाच्या हाती देत नसे. म्हणून ते कुणाला माहीतही झाले नाही.

छत्तीस साली आषाढात त्याला ताप आला. तो हटेना आणि पौर्णिमा जवळ आली. दमयंतीने दोन गडी घेऊन लेपाचे काम उरकले. शेवटी ती माझ्याकडे आली. तिने मला सगळीकडून लेप दिला. बिजागरीत फट दिसली, तेव्हा बोटाने लेप आत दाबला, पुन्हा थोडा घेतला आणि पुन्हा दाबला. मित्रांनो, इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मला बोलता आले असते तर त्याच वेळी बोललो असतो.

पौर्णिमेला तांडेल काठी टेकत किनाऱ्यावर आला. पाठ वाकत नव्हती. त्याने उभ्यानेच मचव्यावरून हात फिरवला. "बाय, एवढा गुळगुळीत मना कधी जमला नाय."

"मग पुढच्या वर्षीही मीच करीन, आबा."

"कर गो. मी सावलीत बसून चुका काढीन."

चार दिवसांनी, अंगात थोडी ताकद आल्यावर, तो नारळ भरून मुंबईला निघाला. वर्षाच्या पहिल्या खेपेला जयगड मागे पडेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, शिडाचा मान आधी, असा त्याचा नेम होता. त्यामुळे बंदरात कुणी मला फिरवून पाहिले नाही.

जयगडच्या अलीकडे दुपारी वारा पडला. समुद्राला अजून पावसाळी उसळी होती आणि ती मचव्याला खडकांकडे नेत होती. नांगर टाकला, तो तळावरून घसरत राहिला. इंजिन सुरू झाले. दांडा फिरू लागला, मीही फिरू लागलो, पण माझी पाती मिटलेलीच राहिली. पाणी नुसते घुसळले जात होते.

तांडेलाने इंजिन थांबवायला सांगितले. कमरेला दोर बांधला, पटाशी घेतली आणि उडी मारली. पाण्याखाली त्याची बोटे माझ्या बिजागरीवर आली. ती क्षणभर तिथेच थांबली. त्याला कळले. मग तो चुना खरवडू लागला. दोनदा वर जाऊन श्वास घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझे एक पाते अर्धे उघडले. त्याच वेळी उसळीने मचवा उचलला गेला आणि खडकावर आपटला.

दादू खलाशी आणि दुसरे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. केरू तांडेल तिसऱ्या दिवशी सापडला.

पुढे ओहोटी पाहून दादूने मला फुटक्या मचव्यावरून सोडवले. घरी आणण्यापूर्वी त्याने मला वाळूने घासले. पण आत खोलवर त्याचा हात पोचला नाही. त्याने मला पडवीत ठेवले आणि दमयंती माझ्याजवळ येऊन बसली.

"दादूदा, इंजिन सुरू झालं होतं?"

"झाला होता बाय."

"मग?"

दादू अंगणाकडे बघत राहिला. "पंख्यात जाळा गुतला. कुनाचा तरी सुटलेला. तोच कापायला आबांनी उडी टाकली."

दमयंतीचे बोट माझ्या बिजागरीत होते. तिने ते बाहेर काढले. नखाला पांढरे लागले होते.

"हो," ती म्हणाली. "जाळंच असणार."

"जाळाच गो," दादू म्हणाला.

पुढच्या वर्षी एका नव्या बोटीसाठी मला मागायला माणसे आली. तिने दिले नाही. ती मला साफ करत नाही आणि टाकूनही देत नाही. शाळेतून आली की माझ्यासमोरून पुढे जाते. कधी थांबते, मग आत जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, की आमची निगा राखा. मला तसे म्हणता येत नाही. माझी निगा राखण्यात कुणी कसूर केली नाही. मी एवढेच सांगतो, की निगा राखण्याआधी विचारा. ही वस्तू कशी चालते, हिचे काय हलते, हे ती वापरणाऱ्याला विचारा. तो आजारी असेल, त्याचा नुकताच डोळा लागला असेल, तर त्याला हलवून जागे करा आणि विचारा.

हातात लेपाचे भांडे घेऊन दमयंती त्या दिवशी माझ्याबद्दल विचारायला घराच्या दारापर्यंत गेली होती. आबांना झोप लागली होती, म्हणून ती तशीच परत आली.